दुसऱ्या देशाचं रॉम रेडमी-शाओमीवर टाकू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडमी, पोको आणि शाओमीचे फोन वापरणारे लोक दुसऱ्या देशाचं रॉम (फोन चालवणारं संपूर्ण सॉफ्टवेअर) टाकण्याआधी, आणि खरं तर बरेचदा टाकून झाल्यावर, जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं मुद्दाम याच फोनची घेतली, कारण आपल्याकडे ते घरोघरी आहेत आणि त्यांची प्रादेशिक रॉमं सहज डाउनलोड करता येतात. सॅमसंगचा प्रश्न खाली वेगळा आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर मी-फ्लॅश (संगणकावरून रॉम टाकण्याचं शाओमीचं सॉफ्टवेअर) आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) या दोन प्रश्नांची उत्तरं वाचल्याशिवाय तरी केबल जोडू नका.

रॉम म्हणजे भाषा, थीम आणि ॲप एवढंच ना? देशाने काय फरक पडतो?

खूप फरक पडतो. रॉमच्या पॅकेजमध्ये अँड्रॉइड तर असतंच, पण त्याच्यासोबत फोन सुरू करणारा बूटलोडर, नेटवर्कशी बोलणाऱ्या मोडेमचं सॉफ्टवेअर, कॅमेरा आणि टचचे ड्रायव्हर आणि वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कसाठी लागणाऱ्या सेटिंगही येतात. आपल्याला दिसते ती फक्त वरची स्क्रीन. नेटवर्क पकडणं, कॉल लावणं, चार्जिंग हे सगळं खालच्या थरावर चालतं.

त्यात प्रत्येक देशाचे रेडिओचे नियम वेगळे. फोनच्या रेडिओ लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची मर्यादा भारतात १ ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर १.६ वॅट प्रति किलो आहे, तर युरोपात १० ग्रॅमच्या सरासरीवर २ वॅट प्रति किलो. वाय-फायने कुठले चॅनल वापरायचे हेही देशानुसार ठरतं. कंपनी फोन ज्या बाजारात विकते, तिथल्या मर्यादांना तो जुळवून घेतलेला असतो.

सेटिंगमध्ये जाऊन रीजन बदललं तर रॉम बदलतं का?

नाही. तिथे रीजन बदलल्याने काही ॲप, थीम, जाहिराती आणि एखाद-दुसरी सुविधा बदलते. खालचं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे तेच राहतं. म्हणूनच हा प्रयोग जवळजवळ बिनधोक आहे. अनेकांना हवं असतं ते एवढ्यानेच मिळून जातं, तेव्हा आधी हे करून बघा.

माझ्या फोनवर कुठल्या देशाचं रॉम आहे हे कसं ओळखायचं?

सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'मध्ये व्हर्जन बघा. आकड्यांच्या शेवटी इंग्रजी सात अक्षरं असतात. समजा ती टी-के-एफ-आय-एन-एक्स-एम अशी आहेत. पहिलं अक्षर अँड्रॉइडचं: आर म्हणजे ११, एस म्हणजे १२, टी म्हणजे १३, यू म्हणजे १४. पुढची दोन मॉडेलची. त्यानंतरची दोन अक्षरं आपल्या कामाची: आयएन म्हणजे भारत, एमआय म्हणजे ग्लोबल, सीएन म्हणजे चीन, ईयू म्हणजे युरोप, आरयू म्हणजे रशिया, आयडी म्हणजे इंडोनेशिया, टीडब्ल्यू म्हणजे तैवान. शेवटचं एक्सएम म्हणजे फोन कुठल्याही मोबाइल कंपनीला बांधलेला नाही.

याचा एक फोटो काढून दुसऱ्या फोनवर ठेवा. फोन बिघडला की ही अक्षरं कुणालाच आठवत नाहीत आणि दुरुस्तीवाला सगळ्यात आधी तेच विचारतो.

फोनचं नाव तेच आहे. मग बाहेरच्या देशाचं रॉम चालायला काय हरकत आहे?

नावावर अजिबात जाऊ नका. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

रेडमी नोट ९ प्रोचंच बघा. भारतात २०२० साली या नावाने आलेल्या फोनला ४८ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि १८ वॅटचं चार्जिंग होतं, एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्याची सोय) नव्हतं. बाहेरच्या देशांत याच नावाने विकलेल्या फोनला ६४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३० वॅटचं चार्जिंग आणि एनएफसी. आपला जो नोट ९ प्रो, तो बाहेर नोट ९एस या नावाने विकला गेला. कंपनीच्या आतल्या नावांत आपला 'कर्टाना' आणि बाहेरचा 'जॉयूज'. प्रोसेसर दोन्हीत स्नॅपड्रॅगन ७२०जी, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं जुळतंय. पण कॅमेरा वेगळा, चार्जिंग वेगळं, तेव्हा रॉमही वेगळंच लागणार.

त्याआधी २०१८ मध्येही हाच घोळ होता. भारतातला रेडमी नोट ५ म्हणजे बाहेरचा रेडमी ५ प्लस, आणि आपला नोट ५ प्रो म्हणजे बाहेरचा नोट ५. 'रेडमी नोट ५ ग्लोबल रॉम' असं शोधून पहिली सापडलेली फाइल भारतीय नोट ५ वर टाकायची म्हणजे एका फोनचं काळीज दुसऱ्यात बसवण्यासारखं आहे.

खात्री एकाच ठिकाणी करायची: फोन फास्टबूटमध्ये (संगणकावरून आज्ञा देता येणाऱ्या मोडमध्ये) घ्या, संगणकावरून 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट' ही आज्ञा द्या आणि येणारं आतलं नाव रॉमच्या फाइलच्या नावाशी ताडून बघा.

लोक हा खटाटोप कशासाठी करतात?

कारणं खरी आहेत, उगाच हौस म्हणून सगळे करत नाहीत. कॉल रेकॉर्डिंग हे मोठं कारण. अनेक ग्लोबल आणि भारतीय रॉमवर गूगलचं डायलर आलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं की समोरच्याला घोषणा ऐकू जायला लागली. इंडोनेशिया किंवा तैवानच्या रॉमवर कंपनीचं जुनं डायलर मिळायचं म्हणून लोक तिकडे वळले. दुसरं कारण जाहिराती. युरोपच्या रॉममध्ये त्यांचा त्रास कमी असतो. तिसरं म्हणजे नवं व्हर्जन चीनमध्ये आधी येतं.

जाहिरातींपुरतं म्हणाल तर प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन शिफारशी बंद केल्या की बराचसा त्रास संपतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण फोन जात नाही.

चिनी रॉमवर मराठी चालतं का?

मराठी मजकूर दिसतो, व्हॉट्सॲपवर वाचता येतो, कीबोर्ड टाकला की लिहिताही येतं. फोनची स्वतःची भाषा मात्र मराठी करता येत नाही; चिनी रॉमच्या यादीत चिनी आणि इंग्रजी असते, आपल्या भाषा नसतात. आई-वडिलांसाठी फोन घेत असाल तर एवढ्या एकाच कारणासाठी चिनी रॉम नको म्हणा. शिवाय अँड्रॉइड ऑटो नसतं, प्ले स्टोअर स्वतः टाकावं लागतं आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालणारी ॲप बंद केली जातात, त्यामुळे मेसेज आल्याचं उशिरा कळतं.

रॉम टाकल्यावर जिओवरून कॉल लागत नाही, एअरटेलवरून मात्र लागतो. असं का?

जिओने २०१६ साली सुरुवातच ४जीवर केली. त्यांचं २जी किंवा ३जी नेटवर्क नाही. त्यामुळे जिओचा कॉल व्होल्टीवरच (म्हणजे ४जीवरूनच) जातो, आणि व्होल्टीसाठी रॉममध्ये त्या कंपनीची सेटिंग असावी लागते. ती नसली तर एअरटेल किंवा व्हीआयचा कॉल २जीवर उतरून लागून जातो. जिओला उतरायला खाली काहीच नाही. इंटरनेट छान चालतं, कॉल मात्र लागत नाही, आणि लोकांना वाटतं सिमच खराब.

शाओमीच्या फोनवर डायलरमध्ये *#*#८६५८३#*#* टाकलं की व्होल्टीसाठीची कंपनीची तपासणी बंद होते आणि बऱ्याच फोनवर तेवढ्याने कॉल सुरू होतात. पण ही तपासणी बंद झाल्याने रॉममध्ये मुळात नसलेली सेटिंग येत नाही. त्यामुळे एका फोनवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

५जीचंही तसंच. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं तेव्हा हार्डवेअर तयार असलेल्या फोनांनाही वेगळं अपडेट यावं लागलं होतं. जिओ स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी वापरतं. बाहेरच्या रॉममध्ये ते आपल्या नेटवर्कसाठी उघडलेलं नसेल तर हातात ५जीचा फोन असून तो ४जीवरच चालतो.

ज्या घरात एकच फोन आहे आणि त्यात फक्त जिओचं सिम आहे, तिथे हा प्रयोग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री-अपरात्री १०८ ला फोन लावायची वेळ आली आणि कॉल लागला नाही, तर जाहिराती गेल्याचा काय उपयोग?

बाहेरच्या देशाचं रॉम टाकून नेटवर्कचे जास्त बँड मिळतील का?

नाही. बँडसाठी फोनच्या बोर्डवर त्याचे फिल्टर आणि ॲम्प्लिफायर असावे लागतात. सॉफ्टवेअरने ते उगवत नाहीत.

गूगल पे, फोनपे आणि बँकेची ॲप चालतील ना?

यात रॉमपेक्षा बूटलोडरचा प्रश्न मोठा आहे. दुसऱ्या देशाचं रॉम टाकायचं तर बहुतेक वेळा बूटलोडर अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक केलेला फोन गूगलच्या तपासणीत नापास होतो. अनेक बँकांची ॲप ते ओळखतात आणि उघडतच नाहीत, किंवा उघडून पैसे पाठवताना अडतात. काही ॲप आज चालतात आणि पुढच्या अपडेटनंतर बंद होतात. ही तपासणी चुकवणाऱ्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात, पण ज्या फोनवर तुमचा पगार जमा झाल्याचे मेसेज येतात त्यावर अनोळखी माणसाने बनवलेलं मॉड्यूल रूटच्या, म्हणजे फोनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालवणं मला अजिबात पटत नाही.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, हेही लक्षात ठेवा. शिवाय अनेक फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी सुरक्षा) एल१ वरून एल३ वर उतरतं आणि ओटीटीवरचे सिनेमे अस्पष्ट दिसायला लागतात.

अनलॉकला किती वेळ लागतो? कुणी पैसे घेऊन लगेच करून देतो म्हणतं.

मी अकाउंट (शाओमीचं खातं) फोनला जोडल्यावर एमआययूआयवर, म्हणजे शाओमीच्या जुन्या सिस्टिमवर, बहुतेकदा १६८ तास, म्हणजे आठवडाभर थांबावं लागायचं. हायपरओएस ही नवी सिस्टिम आल्यापासून अटी आणखी कडक झाल्या आहेत. 'लगेच करून देतो' म्हणणारे तुमच्या संगणकाचा ताबा एनीडेस्क या ॲपवरून मागतात आणि कधी अकाउंटचा पासवर्डही. तो देऊ नका. थांबणं परवडतं.

मी-फ्लॅशने रॉम टाकलं, सगळं नीट झालं, आणि फोन सुरू करताच हे व्हर्जन या फोनवर चालणार नाही असा इंग्रजी संदेश आला. काय चुकलं?

मी-फ्लॅशच्या खिडकीच्या अगदी तळाशी एक पट्टी असते. तिथे 'क्लीन ऑल', 'सेव्ह युजर डेटा' आणि 'क्लीन ऑल अँड लॉक' असे पर्याय दिसतात. प्रोग्राम उघडला की तिसरा आपोआप निवडलेला असतो. वर फाइल निवडून, फोन जोडून 'फ्लॅश' दाबेपर्यंत नजर तिकडे जातच नाही. रॉम टाकून झालं की बूटलोडर लॉक होतो.

भारतीय फोनवर भारतीय रॉम टाकलं असेल तर लॉक होणं चांगलंच. पण चीनसाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल रॉम टाकून लॉक केलं की फोन हार्डवेअरची नोंद आणि रॉमचा प्रदेश ताडून बघतो आणि पुढे जायला नकार देतो. २०१८ पासूनच्या फोनांमध्ये ही तपासणी आली. फास्टबूट उघडत असेल आणि फोन आधीच तुमच्या अकाउंटला जोडलेला असेल तर काही वेळा पुन्हा अनलॉक करता येतं. नाहीतर मामला अधिकृत सर्व्हिस सेंटरचा.

म्हणून 'क्लीन ऑल' स्वतःच्या हाताने निवडा, आणि 'फ्लॅश' दाबण्याआधी पुन्हा एकदा तळाची पट्टी बघा. मी-फ्लॅश न वापरता रॉमच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवत असाल तर 'फ्लॅश ऑल लॉक' नावाच्या स्क्रिप्टला हात लावू नका.

स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि एरर देते. व्हिडिओत सांगितलंय की स्क्रिप्टमधल्या त्या ओळी काढून टाका. काढू का?

नका काढू. त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन तपासण्या असतात. पहिली विचारते, हे रॉम याच मॉडेलचं आहे का? नसेल तर ती फोन आणि फाइल जुळत नाहीत असं सांगून थांबते. दुसरी बघते की फोनचा अँटी-रोलबॅक क्रमांक (पुढच्या प्रश्नात सांगितलाय) या पॅकेजपेक्षा वरचा तर नाही ना. या दोन ओळी तुमच्या फोनसाठी शेवटचा कठडा आहेत. त्या काढल्या की संगणक मुकाट्याने चुकीचं फर्मवेअर लिहून टाकतो, आणि त्यानंतर फोन लोगोसुद्धा दाखवत नाही.

अँटी-रोलबॅक म्हणजे काय? आवडलं नाही तर जुनं रॉम परत टाकता येणार नाही का?

नेहमीच येईल असं नाही. सुरक्षेतल्या जुन्या भोकांचा कुणी फायदा घेऊ नये म्हणून चिपमध्ये बारीक फ्यूज असतात. नव्या बूटलोडरसोबत तो क्रमांक वर चढतो आणि फ्यूज जळतो. तो परत जोडता येत नाही. त्यानंतर कमी क्रमांकाचं फर्मवेअर लिहिलं तर फोन सुरूच होत नाही.

रेडमी नोट ५ प्रोच्या मालकांना हे २०१८ मध्ये कळलं. अपडेटसोबत क्रमांक चढला होता, लोकांनी सवयीप्रमाणे जुनं व्हर्जन फास्टबूटमधून टाकलं आणि फोन दगड झाले.

वेगवेगळ्या देशांच्या रॉममध्ये हा क्रमांक एकाच वेळी चढत नाही, यात खरा धोका आहे. म्हणजे चीनचं ताजं रॉम टाकलं, क्रमांक चढला, आणि भारताच्या रॉमचा क्रमांक अजून खालीच असेल तर परतीची वाट बंद. 'फास्टबूट गेटव्हार अँटी' ही आज्ञा ज्या फोनवर उत्तर देते तिथे ती आधी देऊन बघा, आणि परत येताना रॉम कधीही आधीपेक्षा जुनं घेऊ नका.

रॉम टाकल्यावर सिम दिसत नाही, आयएमईआयच्या जागी शून्यं किंवा 'इनव्हॅलिड' येतंय. परत येईल का?

हे सगळ्यात वाईट नुकसान आहे, कारण रॉम इंटरनेटवर मिळतं, पण तुमच्या फोनचा आयएमईआय आणि त्याच्या रेडिओचं कॅलिब्रेशन फक्त तुमच्याच फोनवर असतं. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये ते 'मोडेमएसटी१', 'मोडेमएसटी२' आणि 'एफएसजी' या विभागांत राहतं, तर सेन्सरचं जुळवलेलं माप 'पर्सिस्ट'मध्ये. मीडियाटेकची चिप असलेल्या फोनमध्ये 'एनव्हीरॅम' आणि 'एनव्हीडेटा'. मीडियाटेकच्या फोनवर रॉम टाकणाऱ्या एसपी फ्लॅश टूलमध्ये 'फॉरमॅट ऑल + डाउनलोड' हा पर्याय निवडला की एनव्हीरॅमसकट सगळं साफ होतं. नेहमी 'डाउनलोड ओन्ली' निवडा.

आधी घेतलेला बॅकअप असेल तर तो परत टाकून फोन पूर्ववत होऊ शकतो. बॅकअप नसेल तर बिल आणि खोका घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. दुसऱ्याच्या फोनचा बॅकअप आपल्या फोनवर टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दुसऱ्याचा आयएमईआय तुमच्या फोनवर येतो आणि तो गुन्हा आहे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो मूळ फोन उद्या कुठल्या फसवणुकीत सापडला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आजच *#०६# डायल करा, दोन्ही सिमचे क्रमांक खोक्यावरच्या स्टिकरशी ताडून बघा आणि त्याचा फोटो ठेवा.

सॅमसंगवरही एवढाच धोका आहे का?

थोडा वेगळा. सॅमसंगमध्ये प्रदेश सीएससी नावाच्या फाइलने ठरतो. भारताचा कोड आयएनएस. मॉडेल क्रमांक तंतोतंत तोच असेल, तर ओडिनने (संगणकावरून सॅमसंगचं फर्मवेअर टाकण्याचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या देशाचं अधिकृत फर्मवेअर टाकता येतं आणि त्यासाठी बूटलोडर अनलॉक करावा लागत नाही, नॉक्सही (सॅमसंगचा सुरक्षेचा फ्यूज) जळत नाही. पण 'तंतोतंत' हा शब्द गांभीर्याने घ्या. गॅलेक्सी एस२१ भारतात एक्सिनॉस प्रोसेसरचा होता, त्याचा मॉडेल क्रमांक जी९९१बी. अमेरिकेतला जी९९१यू स्नॅपड्रॅगनचा. पुढच्या एस२२ ला भारतात स्नॅपड्रॅगन आला आणि युरोपात एक्सिनॉस राहिला. तेव्हा पुण्यातला आणि बर्लिनमधला एस२२ हे दोन वेगळे फोन आहेत.

बिल्ड क्रमांकात शेवटून पाचवं अक्षर बूटलोडरची पातळी सांगतं; त्याच्या खालचं फर्मवेअर फोन घेत नाही. ओडिनमध्ये 'सीएससी' फाइल टाकली तर डेटा पुसला जातो, 'होम सीएससी' टाकली तर राहतो. पण प्रदेश खरोखर बदलायचा असेल तर डेटा पुसावाच लागतो. सीएससीसोबत कॉल रेकॉर्डिंगही येतं-जातं: भारताच्या कोडवर ते असतं, युरोपातल्या अनेक देशांच्या कोडवर नसतं. कोरियाच्या कोडवर कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. आणि अनधिकृत काही टाकून नॉक्स जळलं, तर सिक्युअर फोल्डर कायमचं गेलं. मूळ फर्मवेअर टाकूनही ते परत येत नाही.

ऑनलाइन घेतलेल्या चिनी फोनवर विक्रेत्यानेच 'ग्लोबल रॉम' टाकून दिलंय. वापरू?

आधी तपासा. एमआययूआयच्या अधिकृत व्हर्जनमध्ये चार आकडे असतात. विक्रेत्यांच्या बनावट रॉममध्ये पाचवा घुसवलेला आढळतो. अपडेट कधीच न येणं, न टाकलेली ॲप दिसणं, ब्राउझर आपोआप उघडणं या खुणाही बघा. अशा रॉममध्ये व्हायरस आधीच बसवलेला असू शकतो. ट्रायडा हा मालवेअर काही स्वस्त फोनांच्या सिस्टिममध्येच पुरवठा साखळीत घुसवला गेला होता, हे २०१९ साली गूगलनेच मान्य केलं. असा मालवेअर फॅक्टरी रीसेटने जात नाही. त्या फोनवर यूपीआय सुरू करू नका. शक्य असेल तर फोन परत करा.

वॉरंटी?

कार्डावरच्या अटी वाचा. बाहेरून आणलेल्या फोनला इथली सर्व्हिस सेंटरं बऱ्याचदा हात लावत नाहीत, वॉरंटी शिल्लक असली तरी.

फोन काळा पडलाय, काहीच होत नाही. आता काय करू?

पहिली गोष्ट, हाताला लागेल ते रॉम टाकत सुटू नका. तासभर मूळ चार्जरला लावा. मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण पंधरा सेकंद एकत्र दाबून ठेवा. फास्टबूट उघडलं आणि बूटलोडर अनलॉकच असेल, तर खोक्यावर लिहिलेल्या मूळ मॉडेलचं आणि मूळ देशाचं ताजं रॉम 'क्लीन ऑल'ने टाका.

स्क्रीन काळीच राहिली तर फोन संगणकाला जोडा आणि विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे क्वालकॉमच्या नावापुढे ९००८ दिसलं तर चिप जिवंत आहे, फोन ईडीएल मोडमध्ये (चिपवर थेट लिहिण्याच्या आपत्कालीन मोडमध्ये) गेलाय. शाओमीच्या नव्या फोनांना तिथून लिहायला कंपनीची परवानगी असलेलं अकाउंट लागतं, आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे असतं. तिथे जा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराकडे देणार असाल, तर फोन हातात देण्याआधी विचारा की तो आयएमईआयला हात न लावता काम करणार आहे का. खोक्यावरचे दोन्ही आयएमईआय पावतीवर लिहून घ्या आणि फोन परत घेताना दुकानातच *#०६# करून ते ताडून बघा. मग जिओचं सिम घालून तिथूनच घरी एक कॉल लावा, आणि मगच पैसे द्या.